शून्यापाशी काय होते? – उलट्या मोजणीच्या एका पाठाची चिकित्सा

चौकातल्या सिग्नलवर लाल दिव्याशेजारी ४५, ४४, ४३ असे उतरत जाणारे आकडे आता लहान मुलांच्याही परिचयाचे झाले आहेत. मायक्रोवेव्ह भट्टी, धुलाई यंत्र, प्रश्नमंजूषेच्या स्पर्धेतील पाटी, सगळीकडे हीच उलटी मोजणी चालते. साहजिकच अंकीय इलेक्ट्रॉनिकी शिकवणाऱ्या पुस्तकांत आणि प्रात्यक्षिक-पुस्तिकांत ‘हार्डवेअर वर्णनभाषेत उलट्या मोजणीचा टायमर रचा’ हा पाठ हमखास भेटतो. या पाठाची आम्ही येथे चिकित्सा करणार आहोत. एखाद्या विशिष्ट पुस्तकाविषयी आमची तक्रार नाही. एका पुस्तिकेतून दुसरीत उतरत आलेली जी एक ठरावीक मांडणी सर्वत्र दिसते, तिच्याविषयी आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : प्रश्न उत्तम आहे, पण तो शिकवताना त्यातला सर्वांत शिकण्याजोगा भागच गाळला जातो. ५९ पासून १ पर्यंतचे आकडे कसे उतरतात हे पुस्तिका सांगते. शून्यावर आल्यावर काय व्हावे, सुरुवातीचे बटण दाबल्या क्षणी काय व्हावे, आणि हे सारे बरोबर आहे हे कशावरून मानावे, या तीन ठिकाणी ती गप्प असते. आणि टायमर बिघडतो तो नेमका याच तीन ठिकाणी.

भाषा कशासाठी?

हार्डवेअर वर्णनभाषा म्हणजे काय, हे आधी पाहू. अशा भाषेत संगणकाला ‘आधी हे कर, मग ते कर’ अशी आज्ञा द्यायची नसते. कोणते भाग आहेत आणि ते एकमेकांना कसे जोडले आहेत, म्हणजेच सर्किट कसे आहे, याचे वर्णन करायचे असते. ते वर्णन वाचून एक साधन सर्किट कागदोपत्री चालवून दाखवते. याला सिम्युलेशन म्हणतात. दुसरे साधन त्याच वर्णनापासून गेट आणि फ्लिप-फ्लॉप यांची प्रत्यक्ष जोडणी तयार करते. याला सिंथेसिस म्हणतात. ही जोडणी एफपीजीए नावाच्या, आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपमध्ये भरता येते.

आज दोन भाषा विशेष प्रचारात आहेत. व्हीएचडीएल ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एका प्रकल्पातून निघाली आणि १९८७ साली आयट्रिपलई या संस्थेने तिचे प्रमाणीकरण केले. व्हेरिलॉग ही गेटवे डिझाइन ऑटोमेशन या कंपनीत फिल मूर्बी आणि प्रभु गोएल यांच्या कामातून १९८० च्या दशकाच्या मध्यास आकाराला आली आणि १९९५ साली प्रमाणित झाली. यातली ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की, दोन्ही भाषांचा मूळ हेतू सर्किटची नोंद ठेवणे आणि ते कागदोपत्री चालवून पाहणे हा होता. वर्णनापासून सर्किट बनवणे हा त्यांचा उपयोग नंतर रूढ झाला. म्हणून या भाषांत अशी पुष्कळ वाक्ये लिहिता येतात की जी सिम्युलेशनमध्ये छान चालतात, पण ज्यांना प्रत्यक्ष सर्किटात काहीच अर्थ नसतो. ‘एक सेकंद थांब, मग एकने कमी कर’ हे त्याचे ठळक उदाहरण. सिम्युलेशन थांबते आणि एकने कमीही करते. सिंथेसिस करणारे साधन मात्र असा विलंब एकतर सोडून देते, नाहीतर नाकारते. चिपमध्ये ‘थांबणे’ नावाचा भागच नाही. तेथे फक्त क्लॉकचे स्पंद मोजता येतात.

बहुतेक पुस्तिका हा भेद एका वाक्यात सांगतात आणि पुढच्याच पानावर विसरतात. पाठाचे शीर्षकच ‘टायमरचा प्रोग्रॅम’ असे असते. सर्किटाची आकृती शेवटी असते, किंवा नसतेच.

दशक सुटा करणे

हा विसर किती महागात पडतो ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. दुसरी-तिसरीच्या वर्गात वजाबाकी शिकवताना आपण ‘दशक सुटा करतो’. वीसमधून एक वजा करायचा तर एककाच्या घरात शून्य आहे, म्हणून एक दशक सुटा करून दहा एकक घ्यायचे, त्यातून एक काढायचा, उरले नऊ. टायमरमध्येही हेच घडायला हवे. एककाचा काउंटर ० वरून ९ वर जाईल, त्याच वेळी दशकाचा काउंटर एकने कमी होईल.

आता ‘त्याच वेळी’ या शब्दांकडे लक्ष द्या. कागदावर वजाबाकी करताना आपण एकामागून एक पायऱ्या करतो. सर्किटात पायऱ्या नसतात. क्लॉकचा स्पंद आला की सर्व फ्लिप-फ्लॉप एकदम बदलतात, आणि प्रत्येक जण दुसऱ्याची जुनी किंमत पाहून बदलतो. पायऱ्यांच्या सवयीने विद्यार्थी असा नियम लिहितो : ‘एकक ९ झाला असेल तर दशक एकने कमी कर.’ ऐकायला बरोबर वाटते. पण स्पंद येण्याच्या क्षणी दशकाला एकक ० दिसत असतो, ९ नव्हे. म्हणून पाटीवर २० नंतर १९ न येता २९ येते, आणि त्यानंतर १८. खरा नियम असा हवा : ‘एकक ० असेल तर दशक एकने कमी कर.’

आणखी एक गोम आहे. व्हेरिलॉगमध्ये किंमत देण्याची दोन चिन्हे आहेत. एकाने किंमत ताबडतोब बदलते. दुसऱ्याने सर्वांच्या नव्या किमती आधी ठरतात आणि मग एकदम लागू होतात. ‘ताबडतोब’ चे चिन्ह वापरून दोन्ही वाक्ये एका गटात एकाखाली एक लिहिली, तर वरचा चुकीचा नियमही बरोबर उत्तर देतो. तीच वाक्ये दोन वेगळ्या गटांत लिहिली की कोणते आधी चालेल याचा भरवसा राहत नाही. पुस्तिकांमध्ये ही दोन चिन्हे मिसळून वापरलेली आढळतात आणि तळाशी ‘आउटपुट पडताळले’ असा शेरा असतो. विद्यार्थी यातून एवढेच शिकतो की एक चिन्ह चालले नाही तर दुसरे लावून पाहावे.

ही गोष्ट संगणकाशिवायही वर्गात दाखवता येते. एका मुलाच्या हाती एककाची आणि दुसऱ्याच्या हाती दशकाची ० ते ९ अंकांची कार्डे द्यावीत. नियम असा की टाळी वाजण्यापूर्वी दोघांनी एकमेकांच्या कार्डाकडे पाहून आपले पुढचे कार्ड मनात ठरवायचे, आणि टाळी वाजताच दोघांनी एकदम बदलायचे. एकदा चुकीच्या नियमाने आणि एकदा बरोबर नियमाने खेळावे. वीसनंतर एकोणतीस आलेले पाहिल्यावर ‘एकदम’ या शब्दाचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही. मग मिनिटाचे तिसरे कार्ड आणावे. १:०० वरून ०:५९ वर जाताना एकक ९ होतो, दशक मात्र ५ होतो, कारण मिनिट सुटे केले की साठ सेकंद मिळतात. एकाच यंत्रात एक घर दहाने आणि दुसरे सहाने मोजते, ही अंकगणितातली सुंदर गोष्ट इथे आपोआप हाती लागते.

सेकंद कोठून येतो?

शिकवण्याच्या अनेक बोर्डांवर दर सेकंदाला ५ कोटी स्पंद देणारे क्लॉक असते. त्यातून एक सेकंद काढण्यासाठी ५ कोटी स्पंद मोजणारा दुसरा काउंटर लागतो. त्याला २६ द्विमान अंक पुरतात. येथे पुस्तिकांमध्ये एक सोपी पळवाट दिसते : २६ अंकी काउंटर मोकळा फिरू द्यायचा आणि त्याचा फेरा पूर्ण झाला की सेकंद झाला म्हणायचे. पण हा फेरा ६,७१,०८,८६४ स्पंदांचा असतो. म्हणजे सेकंद सुमारे १.३४ सेकंदांचा होतो, आणि एका मिनिटाच्या टायमरला ८० सेकंदांहून अधिक काळ लागतो. मनगटी घड्याळात ही पळवाट बरोबर ठरते, कारण तेथील क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि ही संख्या म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मे केले की नेमका एक सेकंद मिळतो. घड्याळवाल्यांनी ही संख्या मुद्दाम निवडली. बोर्डावरची संख्या तशी निवडलेली नाही. हा फरक पुस्तिकेने दोन ओळींत सांगितला असता तर विद्यार्थ्याला दोन्ही यंत्रे कळली असती.

उलट, काही पुस्तके ज्या चुकीवर फार भर देतात ती व्यवहारात क्षुल्लक आहे. शून्यापासून ५ कोटीपर्यंत मोजले तर ५ कोटी १ स्पंद होतात, म्हणून ५ कोटी वजा एक इथे थांबावे, असे ती बजावतात. सूचना बरोबर आहे. पण त्या एका स्पंदाने दिवसाकाठी दोन हजारांश सेकंदाहूनही कमी फरक पडतो. क्वार्ट्झच्या स्पंदात दर दहा लाखांत ५० इतका फरक असला, तर तेवढ्यानेच दिवसाला सुमारे ४.३ सेकंदांचा फरक पडतो. एका स्पंदाची चूक महत्त्वाची ठरते ती दुसऱ्याच कारणाने. सिम्युलेशन लवकर संपावे म्हणून विद्यार्थी ५ कोटींऐवजी ५ लिहितो, आणि मग ० ते ५ मोजताना स्पंद सहा होतात. चूक तीच, पण आता ती शेकडा वीस आहे. कोणती चूक कोठे मोठी आणि कोठे लहान, हा विवेक शिकवणे हे विज्ञानशिक्षणाचे काम आहे. नियम पाठ करून तो येत नाही.

या सेकंदाचे पुढे काय करावे, यातही पुस्तिका वाईट वळण लावतात. त्या विभागलेला स्पंद हेच नवे क्लॉक मानून पुढच्या काउंटरांना जोडतात. एफपीजीएमध्ये क्लॉकसाठी खास वाटा असतात, ज्यांवरून स्पंद सगळीकडे जवळजवळ एकाच वेळी पोचतो. आपण बनवलेला स्पंद सामान्य वाटांवरून धावू लागला की तो कोठे आधी तर कोठे उशिरा पोचतो. योग्य रीत अशी की सर्वांना मूळचे एकच क्लॉक द्यावे, आणि सेकंदातून एकदा, एका स्पंदापुरती ‘आता बदला’ अशी परवानगी द्यावी. टायमरसारख्या सावकाश कामात दोन्ही रीती चालून जातात. म्हणूनच वाईट रीत टिकून आहे. पुढे हाच विद्यार्थी वेगवान सर्किट रचू लागतो तेव्हा ती नडते, आणि तोवर सवय हाडी मुरलेली असते.

शून्यापाशी

आता मुख्य मुद्दा. सुलट्या आणि उलट्या मोजणीत खरा भेद असतो तो शेवटाचा. उलट्या मोजणीला शेवट आहे, आणि तो शून्य आहे. चार द्विमान अंकांत ०००० मधून एक वजा केला तर उत्तर ११११ येते, म्हणजे पंधरा. सर्किटाला उणे संख्या ठाऊक नसते. आपण ती पद्धत मुद्दाम वापरली तरच ती येते. तरीही ‘संख्या शून्यापेक्षा कमी झाली तर थांब’ अशी अट पुस्तिकांत छापलेली दिसते. चिन्हविरहित संख्येच्या बाबतीत ही अट कधीच खरी ठरत नाही. टायमर शून्य ओलांडतो आणि पुन्हा वरून मोजू लागतो. दशक सुटे करण्याचे आपले नियम बरोबर असूनही शून्याचा वेगळा विचार केलेला नसेल, तर ०:०० नंतर ९:५९ येते. घंटा वाजलीच तर एका सेकंदापुरती.

हे केवळ प्रयोगशाळेतले प्रकरण नाही. २०१५ साली अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांसंबंधी एक सूचना काढली. या विमानातील वीजजनित्रांचे नियंत्रण करणाऱ्या घटकांच्या आत सॉफ्टवेअरचा एक काउंटर होता. तो २४८ दिवस अखंड चालल्यावर आपल्या मर्यादेबाहेर जाई आणि नियंत्रक बंद पडण्याचा धोका निर्माण होई. चारही जनित्रांचे नियंत्रक एकाच वेळी सुरू केलेले असतील तर ते एकाच वेळी बंद पडू शकतील, म्हणून ठरावीक काळाने वीज बंद करून पुन्हा सुरू करा, असे सांगावे लागले. तो काउंटर सुलटा होता की उलटा हा प्रश्न गौण आहे. मर्यादेवर पोचल्यावर काय व्हावे हे ठरवणे, एवढाच त्यातला धडा आहे. आपल्या पाठातही तोच धडा शिकवण्याची संधी असते, आणि ती दवडली जाते.

शून्याइतकीच सुरुवातही दुर्लक्षित राहते. सेकंद मोजणारा मोठा काउंटर मोकळा फिरत असेल आणि मध्येच कोणी सुरुवातीचे बटण दाबले, तर पहिला ‘सेकंद’ पूर्ण सेकंद नसतो. तो शून्य ते एक सेकंद यांमध्ये कितीही असू शकतो. म्हणजे तीन सेकंदांचा टायमर कधी जेमतेम दोन सेकंदांत संपेल, कधी पुरे तीन घेईल. स्पर्धेत एका संघाला जास्त वेळ आणि दुसऱ्याला कमी वेळ मिळेल, आणि का ते कोणालाच कळणार नाही. उपाय सोपा आहे. बटण दाबताच तो मोठा काउंटरही शून्यावर आणायचा. पण त्यासाठी आधी प्रश्न सुचायला हवा.

बटण स्वतःही सरळ नसते. त्याचे धातूचे टोक टेकताना काही सहस्रांश सेकंद थरथरते. पाच सहस्रांश सेकंदांत क्लॉकचे अडीच लाख स्पंद होऊन जातात. ‘एकदा दाबले की सुरू, पुन्हा दाबले की थांब’ असे बटण असेल, तर एका दाबण्यात टायमर अनेकदा सुरू होऊन थांबलेला असतो. थरथर संपेपर्यंत वाट पाहणारा छोटा काउंटर, आणि बटणाचा संकेत क्लॉकच्या तालात आणणारे दोन फ्लिप-फ्लॉप, एवढी तजवीज लागते. पुस्तिकेत बटण म्हणजे एक अक्षर असते, जे शून्य असते किंवा एक.

बरोबर आहे हे कशावरून?

शेवटची उणीव आम्हांला सर्वांत गंभीर वाटते. पाठाच्या अखेरीस तरंगाकृतींचे एक चित्र असते, त्यात ९, ८, ७ असे उतरणारे आकडे असतात, आणि तेवढ्यावर गुण मिळतात. हे चित्र काय सिद्ध करते? आठानंतर सात येतो एवढेच. त्याची कोणालाच शंका नव्हती.

तपासायला हव्यात त्या कडा : २० नंतर १९, १:०० नंतर ०:५९, ०:०१ नंतर ०:००, आणि ०:०० नंतर पुन्हा ०:००. शून्य भरून सुरुवात केली तर काय, चालू असताना नवी संख्या भरली तर काय, थांबवणे आणि सेकंदाची परवानगी एकाच स्पंदाला आली तर कोणाचे ऐकायचे, हेही विचारायला हवे. याहून पुढे जाता येते. ५९:५९ पर्यंतच्या टायमरच्या स्थिती असतात अवघ्या ३,६००. प्रत्येक स्थितीची पुढची स्थिती एकने कमी आहे की नाही, हे तपासणारे दहा-पंधरा ओळींचे वर्णन विद्यार्थ्यालाच लिहायला सांगावे. संगणक ते क्षणात तपासतो. विज्ञानात सर्व शक्यता तपासून पाहण्याची संधी फार क्वचित मिळते. इथे ती मिळते, आणि आपण एका चित्रावर समाधान मानतो.

यावर शिक्षकांकडून एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. तासिका दोन, बोर्ड तीन, विद्यार्थी साठ. आधी आकडे हलताना दिसू देत, खोलात मग जाऊ, असे कोणीही म्हणेल. आकडे हलताना पाहण्याचा आनंद आम्हांला अमान्य नाही. त्यातूनच पुढची जिज्ञासा जागी होते. पण वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टींना बोर्ड लागतच नाही. कार्डांचा खेळ फुकट आहे. आयकेरस व्हेरिलॉग आणि जीएचडीएल ही सिम्युलेशनची साधने विनामूल्य मिळतात आणि साध्या संगणकावर चालतात. वेळ वाचवायचाच असेल तर उतारा लिहून काढण्यातला वाचवावा. तयार वर्णन हाती द्यावे, त्यात शून्यापाशी एक दोष मुद्दाम ठेवावा, आणि तो शोधायला सांगावे.

पाठाचा क्रम आम्ही असा सुचवू. प्रथम यंत्राने काय करावे हे साध्या मराठीत लिहावे, शून्य आणि बटण यांसह. मग स्थितींचा तक्ता करावा. मग चौकटी आणि जोडण्यांची आकृती काढावी, आणि प्रत्येक चौकटीत किती फ्लिप-फ्लॉप लागतील ते मोजावे. मिनिटाचे एक आणि सेकंदाची दोन घरे असतील तर, दशकाला ५ पर्यंतच जायचे असल्याने तीन अंक पुरतात हे ओळखून, चार, तीन आणि चार मिळून अकरा. भाषेतले वर्णन त्यानंतर लिहावे, आणि ते आकृतीशी ओळीओळीने ताडून पाहावे. तपासणी कशी करायची हे मात्र वर्णन लिहिण्याआधीच ठरलेले असावे.

असे केल्यास पाठ लांबेल, हे खरे. पण व्हीएचडीएल वा व्हेरिलॉगचे व्याकरण आमच्या विद्यार्थ्यांना उद्या कोठेही शिकता येईल. यंत्र शेवटच्या टोकाला पोचल्यावर कसे वागेल हे आधी विचारण्याची सवय मात्र वर्गातच लागते, आणि ती लावण्यासाठी उलट्या मोजणीच्या टायमरहून स्वस्त साधन मिळणे कठीण आहे.